महिन्याचा तक्ता सोडून दुकानातल्या खपावर माल काढायचा, तर सुरुवात कुठून करावी?

फरसाण_कुंडई (प्रश्न)

नमस्कार. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचं फरसाणाचं युनिट आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, नंतर चुलत सासऱ्यांनी, म्हणजे काकांनी, सांभाळलं आणि आता ते हळूहळू माझ्याकडे सोपवताहेत. शेव, गाठी, पापडी, पोह्यांचा चिवडा, मसाला शेंगदाणे, मूगडाळ. पाकिटं बहुतेक २०० ग्रॅमची, थोडी अर्ध्या किलोची. तीन व्हॅन आहेत. एक म्हापसा-पेडणे-डिचोली, दुसरी फोंडा-साखळी-वाळपई, तिसरी मडगाव-कुडचडे-काणकोण.

काका महिन्याच्या एक तारखेला गेल्या वर्षीची वही उघडतात, त्याच महिन्याचे आकडे बघतात, थोडं वर-खाली करतात आणि भिंतीवर तक्ता लावतात. अमुक तारखेला इतकी शेव, अमुक तारखेला इतका चिवडा. तळलेला माल गोदामात जातो, तिथून व्हॅनवर, आणि मग सेल्समन तो दुकानदाराच्या गळ्यात मारतो. महिनाअखेरीला टार्गेट भरायचं म्हणून "दहावर एक फुकट" चालू होतं. पुढच्या महिन्यात त्यातलाच काही माल परत येतो.

गेल्या चवथीला (गणेशचतुर्थीला) वाळपईकडे चिवडा संपला होता, दुकानदार फोनवर फोन करत होते, आणि त्याच वेळी काणकोणच्या दुकानांत चिवड्याची पाकिटं पडून होती. चवथ संपल्यावर ती परत आली. उघडून बघितली तर तेलाला खवट वास. तो माल मी स्वतः फेकायला लावला. शेंगदाणा, पोहे, तेल, कारागिराचे हात, सगळं त्यात होतं. ते बघून मला फार वाईट वाटलं.

मला दुकानात जेवढं विकलं जातं तेवढंच काढायचं आहे. पण काकांचे प्रश्न खरे आहेत. आमचे कारागीर राजस्थानचे, युनिटच्या मागेच राहतात, महिन्याच्या पगारावर आहेत. हवे तेव्हा बोलवा, नको तेव्हा घरी पाठवा, असं त्यांचं करता येत नाही आणि करायचंही नाही. नवा हरभरा बाजारात आला की भाव बरा असतो, तेव्हा घ्यायचा नाही का? आणि मागणीवर करायचं म्हणजे रोज सकाळी फोन आला की कढई चढवायची का?

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी कृपया सांगावं.

मार्दोळ_निवृत्त

ताई, मी भोसरी-चाकणकडे वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरीभर उत्पादन नियोजनच केलं. आता गावी असतो. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बहुतेकांचं तिथेच अडतं.

फोन आला की कढई चढवायची नाही. नियोजन राहणारच आहे, फक्त ते कशाचं करायचं ते बदलायचं. आज काका महिनाभर आधी "किती शेव, किती चिवडा" ठरवतात. पुढे महिनाभर आधी ठरवायचं ते असं: किती कढया चालणार, किती हात लागणार, डाळ किती, तेल किती, व्हॅनच्या फेऱ्या किती. शेव किती आणि पापडी किती हे जमेल तितकं उशिरा ठरवा, तेही दुकानातून काय उचललं गेलं ते बघून. साधनांची तयारी लवकर, मालाचा निर्णय उशिरा. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार.

टोयोटाचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच देतात. टोयोटाची ही पद्धत बसवणारे ताइची ओनो यांना अमेरिकेतल्या सुपरमार्केटची पद्धत भावली होती. गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलतं तेवढंच दुकान परत भरतं. त्यांनी कारखान्यात तेच लावलं. पुढचा विभाग मागच्या विभागाकडून लागेल तेवढे भाग घेऊन जातो, सोबतचं कार्ड मागे राहतं आणि त्या कार्डाइतकेच नवे भाग होतात. कार्ड नाही तर काम नाही. हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं असं की टोयोटा पुरवठादारांना पुढच्या महिन्यांचा अंदाज आधीच देते आणि रोजचं उत्पादन सपाट ठेवते. सोमवारी सगळ्या एकाच जातीच्या गाड्या आणि मंगळवारी सगळ्या दुसऱ्या, असं करत नाहीत. रोज थोड्या थोड्या सगळ्या काढतात. त्या सपाट आराखड्याच्या आतच कार्डं फिरतात. अंदाजाने माणसं आणि यंत्रं तयार राहतात, कार्डाने माल निघतो. म्हणजे तुमच्या कारागिरांना घरी पाठवायचा प्रश्नच येत नाही. ते रोज तेवढेच तास काम करतील, फक्त कढईत काय पडायचं ते आदल्या संध्याकाळी ठरेल.

आता वाळपई-काणकोणचं. दुकानात गिऱ्हाईक रोज साधारण सारखंच घेतं, आणि तरी कारखान्यापर्यंत येईतो आकडे उड्या मारतात. हा प्रकार एमआयटीचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी १९५८ सालीच मांडला होता. प्रॉक्टर अँड गॅम्बलला तो लहान मुलांच्या पँपर्समध्ये दिसला. बाळं लंगोट लागतील तेवढेच वापरतात, खप जवळपास स्थिर, पण घाऊक विक्रेत्यांच्या ऑर्डरी प्रचंड वर-खाली. स्टॅनफर्डचे हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली याची चार कारणं लिहिली. ती तुमच्या पत्रात एकेक करून सापडतात.

साखळीतला प्रत्येक जण समोरच्याची ऑर्डर बघून स्वतःचा नवा अंदाज बांधतो आणि वर थोडं जास्तीचं मागतो. ऑर्डरी रोज न येता गठ्ठ्याने येतात. तुमच्याकडे महिनाअखेरीला तेच होतं. योजना आली की दुकानदार पुढच्या महिन्याचं आत्ताच भरून ठेवतो, ते तुमचं "दहावर एक". आणि माल तुटला की प्रत्येक जण लागतो त्यापेक्षा जास्त मागतो, म्हणजे कापून का होईना, हवा तेवढा मिळेल. चौथं कारण फार घातक. चवथीच्या आधी वाळपईहून जे फोन आले त्यातली खरी मागणी किती होती, हे आज कोणीच सांगू शकणार नाही.

यातली निदान दोन कारणं तुमच्या घरचीच आहेत आणि तुमच्याच हातात आहेत. प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सारख्या सारख्या सवलती कमी करून भाव वर्षभर एकच ठेवण्याकडे मोर्चा वळवला होता, तो याच विचाराने.

हरभऱ्याचं काकांचं म्हणणं बरोबर आहे, ते सोडू नका. एकूण हरभरा किती लागेल हा अंदाज बराच अचूक येतो, कारण शेव कमी खपली तर गाठी जास्त खपते, काणकोणला कमी तर म्हापशाला जास्त. चुका एकमेकांना खातात. पण काणकोणच्या एका दुकानात पुढच्या महिन्यात पापडीची किती पाकिटं जातील, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून डाळीच्या पातळीवर अंदाजाने खुशाल खरेदी करा आणि पाकिटाच्या पातळीवर अंदाज थांबवा. शक्य असेल तर साठा डाळीचा ठेवा, बेसन आठवड्याचं आठवड्याला दळून घ्या. आपल्या पावसाळ्यात बेसनाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

बेनेटनने हेच स्वेटरमध्ये केलं. आधी सूत रंगवून मग विणायचं, ही रूढ रीत त्यांनी फिरवली. स्वेटर बिनरंगाचे विणून ठेवले आणि कोणता रंग खपतोय ते कळल्यावर रंगवले. तुमच्याकडे असा थांबा कुठे आहे ते शोधा. तळलेली साधी शेव मोठ्या हवाबंद डब्यात ठेवून २०० ग्रॅम की ५०० ग्रॅम हे नंतर ठरवता येतं का? मसाला शेवटी लावता येतो का? हे माझ्यापेक्षा तुमच्या मुख्य कारागिराला जास्त कळेल. त्याला विचारा, आणि त्याचं म्हणणं लिहून ठेवा.

एक अडचण नक्की येणार. रोज सगळे पदार्थ थोडे थोडे काढायचे तर दिवसात तीन-चारदा साचा बदलायचा, कढई साफ करायची. कारागीर म्हणतील वेळ जातो, आणि खरंच जातो. टोयोटात १,००० टनी प्रेसचा साचा बदलायला एके काळी चार तास लागत. शिगेओ शिंगो आणि तिथल्या लोकांनी ते काम अखेर तीन मिनिटांवर आणलं. यंत्र चालू असताना जे आधी करून ठेवता येतं ते सगळं बाहेर काढलं, एवढीच त्यातली मुख्य युक्ती. तुमच्याकडे दुसरा साचा धुऊन, पुसून, भरून बाजूला तयार असला तर निम्मं काम झालं. शिवाय क्रम लावा. फिकं आधी, तिखट नंतर, शेंगदाण्याचं सगळ्यात शेवटी. तेलाला वास लागत नाही आणि मधली साफसफाई कमी होते.

आता मला दोन गोष्टी सांगा. दुकानातली विक्री तुमच्या वहीत आहे का, की फक्त व्हॅनवर चढलेला माल आहे? आणि परत आलेल्या मालाची वेगळी वही आहे का?

वाळपई_दुकान

मी तुमचाच माल ठेवतो की नाही ते इथे सांगत नाही, पण माझं किराणा दुकान सत्तरीत आहे म्हणून लिहितो. वर मार्दोळच्या काकांनी जे चौथं कारण दिलंय ते शंभर टक्के खरं. आमच्याकडे फरसाणाच्या व्हॅन लांबचा भाग म्हणून कधी आठ दिवसांनी येतात, कधी पंधरा. पावसात तर विचारूच नका. येणार कधी हेच माहीत नसेल तर मी जास्त घेऊन ठेवणारच. चिवडा तीस पाकिटं लागतो, मी साठ सांगतो, सेल्समन चाळीस देतो. दोघांनाही माहीत असतं की आकडा खोटा आहे.

दर सोमवारी आणि गुरुवारी नक्की गाडी येणार असं कोणी सांगितलं आणि पाळलं, तर मी अर्धा साठा ठेवीन. मला फुकटचं अकरावं पाकीट नको. माझी फळी लहान आहे, त्यात मला दहा कंपन्यांचा माल लावायचा असतो. खवट पाकीट गिऱ्हाईक माझ्या तोंडावर आणून टाकतं, तुमच्या नाही.

वेर्णा_प्लॅनर

थोडा विरोधी सूर लावतो. मी वेर्ण्याला औषध कंपनीत प्लॅनिंगला आहे. आमच्याकडे बॅचचा आकार प्रमाणित केलेला असतो, तो आज मागणी कमी आहे म्हणून अर्धा करता येत नाही. बॅच निघाली की तपासणी, कागदपत्रं, मग सुटका. कच्चं द्रव्य बाहेरून येतं, त्याला महिने लागतात. इथे कोणी "ओढीवर चालवू", म्हणजे मागणी येईल तसंच काढू, म्हणालं तर रुग्णाला औषध मिळणार नाही. म्हणून वरचं सगळं वाचून कोणी असं समजू नये की साठा म्हणजे पाप.

जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतर खुद्द टोयोटाने हे ओळखलं. जे भाग मिळायला वेळ लागतो, मुख्यतः चिप, त्यांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांनी ठेवावा असं त्यांनी ठरवलं. २०२१च्या सुरुवातीला जगभर चिपचा तुटवडा पडला तेव्हा इतरांच्या मानाने टोयोटा जास्त काळ तगली. नंतर तिलाही उत्पादन कापावं लागलं ते वेगळं.

पण मार्दोळच्या काकांचं तत्त्व आमच्याकडेही लागू होतंच, फक्त थांब्याची जागा वेगळी. आम्ही काही औषधं लेबल न लावता ठेवतो, त्याला ब्राइट स्टॉक म्हणतात. कोणत्या देशाची ऑर्डर पक्की झाली ते कळल्यावर त्या देशाचं लेबल आणि खोकं. आत औषध तेच.

तर ताई, प्रत्येक वस्तूला विचारा: ही मिळायला किती दिवस, आणि टिकते किती दिवस? मिळायला वेळ लागतो आणि टिकते, ती भरून ठेवा. लवकर होते आणि लवकर बिघडते, ती मागणीवर. डाळ पहिल्या रांगेत, पाकीट दुसऱ्या. छापील पाउचचा रोल मात्र विसरू नका. छपाईला वेळ लागतो आणि तो संपला तर शेव तळूनही काही उपयोग नाही. माझा अंदाज, तुमची पहिली अडचण तिथेच येईल.

फरसाण_कुंडई

सगळ्यांचे मनापासून आभार. मी आणि काका बसून वह्या बघितल्या.

दुकानातली विक्री कुठेच लिहिलेली नाही. आमच्याकडे आहे तो व्हॅनवर चढलेला माल. म्हणजे इतकी वर्षं गेल्या वर्षी आम्ही किती ढकललं त्यावरून या वर्षी किती ढकलायचं ते ठरत होतं. परत मालाची वेगळी वही आहे, काकांनी ती व्यवस्थित ठेवली आहे. दोन्ही शेजारी ठेवल्या तर ज्या महिन्याच्या शेवटी योजना होती, त्यापुढच्या महिन्यांत परत माल जास्त. काका बराच वेळ त्याच पानावर होते. मग म्हणाले, "योजना बंद कर, पण सेल्समनांशी मी बोलतो, तू नको." हे मला फार मोलाचं वाटलं.

वेर्ण्याच्या दादांचं पाउचबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर. २०० ग्रॅमच्या चिवड्याचा छापील रोल मुंबईहून येतो.

काकांची एक शंका उरली आहे आणि मलाही तिचं उत्तर येत नाही. रोजच्या खपावर रोजचं भरता येईल, पण वास्कोचा दामोदर सप्ताह, मग लगेच चवथ, पुढे फातर्प्याची जत्रा, म्हापशाची बोडगेश्वराची जत्रा. तिथे मागणी एकदम उसळते. कार्ड परत येईतो जत्रा संपलेली असते. काकांना हे सगळं पाठ आहे. कोणत्या जत्रेला शेंगदाणे जातात, कुठे फक्त शेव. तक्ता काढला तर त्यांचं हे ज्ञान कुठे जाणार?

डिचोली_ट्रान्सपोर्ट

फरसाणातलं मला काही कळत नाही, पण साधनं अडकून पडणं म्हणजे काय ते आमच्या डिचोलीइतकं कोणी बघितलं नसेल, म्हणून लिहितो.

खाणी चालू होत्या तेव्हा सगळं वरून ठरायचं. कोणत्या ट्रकने कोणत्या खाणीवरून माल उचलायचा, कोणत्या जेटीवर ओतायचा, किती ट्रिपा. तिथून बार्ज मांडवीतून नाही तर जुवारीतून मुरगावला, आणि पुढे बहुतेक माल चीनला. आम्ही फक्त रांगेत उभं राहायचं. गिऱ्हाईक शोधायची गरजच नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये काम थांबलं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मर्यादा घालून वाट मोकळी केली, मग फेब्रुवारी २०१८ मध्ये खाणींचे ८८ लीझ रद्द ठरवले आणि मार्चच्या मध्यापासून परत सगळं बंद. दारोदारी टिपर उभे. टिपर हा खनिजासाठीच बनलेला. त्यात बेसनाची पोती नेता येत नाहीत, फ्रीज नेता येत नाही. आणि आम्हाला दुसरं गिऱ्हाईक माहीतच नव्हतं.

ज्यांनी टिपर विकून साध्या बॉडीचा लहान ट्रक घेतला ते सावरले. मी त्यातला. आज माझ्या गाडीतून चवथीला भाजी जाते, लग्नसराईत मंडप-खुर्च्या, इतर वेळी हार्डवेअर. कोणीही वरून यादी देत नाही, फोन येतो तशी गाडी जाते. पण एक लक्षात ठेवा. ज्यांनी वर्षभरात मला चार साध्या ट्रिपा दिल्या असतात, त्यांचाच फोन मी चवथीच्या आठवड्यात उचलतो. ओळख नसलेला दुप्पट भाडं देतो म्हणाला तरी त्या दिवशी गाडी शिल्लकच नसते. ताईंनी जास्तीची गाडी चवथीला शोधू नये, आत्ताच एखाद्याला थोडं थोडं काम द्यायला लागावं.

मार्दोळ_निवृत्त

डिचोलीच्या भावांनी जे लिहिलं ते मी नोकरीत शिकलो त्यापेक्षा सरस आहे. त्याला जोडूनच पुढचं सांगतो.

१ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये कारिया इथला आयसिनचा कारखाना जळाला. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ सगळा तिथूनच यायचा, आणि साठा अगदी थोडा. काही दिवसांत टोयोटाच्या जपानमधल्या लाइनी थांबल्या. पण आयसिनने नकाशे वाटले आणि ६०हून अधिक कंपन्यांनी मिळेल त्या यंत्रांवर ते व्हॉल्व्ह काढायला घेतले. त्यात शिवणयंत्रं करणारी ब्रदर कंपनीसुद्धा होती. साधारण आठवड्यात गाड्या पुन्हा निघू लागल्या. पैशाचं काय ते नंतर बघितलं. हे हुकमाने होत नाही. वर्षानुवर्षं एकमेकांच्या कारखान्यात जाणं-येणं होतं, एकमेकांची पद्धत माहीत होती, म्हणून कोणाकडे काय मागायचं हे शोधत बसावं लागलं नाही.

चवथीसाठी तुम्हाला अशीच ताकद उभी करायची आहे, फक्त आग लागायच्या आधी. हाँगकाँगच्या ली अँड फंगकडे स्वतःचे कारखाने नव्हते, तरी ते मोठमोठ्या दुकानांना कपडे पुरवत. त्यांची रीत अशी की सूत आधी राखून ठेवायचं, मग मागावरची आणि रंगाईची जागा राखायची, आणि कपडा कोणता ते शेवटच्या आठवड्यांत सांगायचं. पुरवठादाराच्या क्षमतेपैकी सर्वसाधारणपणे ३० ते ७० टक्के काम स्वतः द्यायचं. कमी दिलं तर तो आपल्याला विचारत नाही, सगळंच दिलं तर तो आपल्या जिवावर बसतो. ही कंपनी नंतर घसरली आणि २०२० मध्ये शेअर बाजारातून बाहेर पडली, त्यामुळे तिला देव मानू नका. पण जागा आधी राखायची आणि माल नंतर सांगायचा, ही गोष्ट आजही पक्की आहे.

तुमच्या बाबतीत म्हणजे असं. पॅकिंगला जास्तीचे हात लागणार, तर फोंड्यातल्या एखाद्या महिला बचत गटाशी आत्ताच बोला आणि श्रावणाच्या आधीच थोडं काम देऊन हात बसवून घ्या. तळायची जास्तीची कढई दुसऱ्या युनिटमध्ये घेणार असाल तर एक कायद्याची गोष्ट: अन्नसुरक्षेचा परवाना त्या त्या जागेचा असतो, तुमचा परवाना त्यांच्या जागेला चालत नाही, आणि पाकिटावर कुठे बनवलं तो पत्ता लागतो. म्हणजे छापील रोलचाही प्रश्न आला. हे चवथीच्या आठवड्यात होणारं काम नाही.

काकांच्या ज्ञानाबद्दल. ते कुठेही जाणार नाही, उलट त्याला आता योग्य जागा मिळेल. रोजची शेव-पापडी मोजण्यात त्यांचं डोकं खर्च होत होतं. ते काम क्रेट करतील, कसं ते खाली सांगतो. काकांनी वर्षाची दिनदर्शिका करावी. कोणती जत्रा, कोणत्या तिथीला, व्हॅनच्या कोणत्या लाइनवर, कोणता पदार्थ. सप्ताह नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो हे इंग्रजी महिन्याच्या वहीत दिसणारच नाही. एखाद्या वर्षी अधिक मास येतो आणि गेल्या वर्षीचा ऑगस्ट या वर्षीच्या ऑगस्टला जुळत नाही. काका मनातल्या मनात ते जुळवत असतील, पण तक्ता बघणाऱ्याला ते कळत नाही. तिथींची दिनदर्शिका केली की उसळीच्या आधी किती दिवस कोणती फळी वाढवायची ते त्यावरून निघेल.

आता रोजचं. क्रेटची पद्धत वापरा, संगणक नंतर. समजा एका दुकानात चिवड्याची रोज सहा पाकिटं जातात आणि गाडी चार दिवसांनी येते. चार दिवसांची चोवीस, आणि गाडी एखादा दिवस उशिरा आली तर म्हणून वर सहा-आठ. म्हणजे सहा-सहा पाकिटांचे सहा लहान क्रेट. एक फळीवर, बाकी खाली. गाडी आली की सेल्समनने रिकामे क्रेट उचलायचे, तेवढेच भरलेले ठेवायचे. अर्धवट क्रेट असेल तर हात लावायचा नाही. संध्याकाळी कुंडईला जेवढे रिकामे क्रेट उतरले तेवढं उद्याचं काम. प्रत्येक पदार्थाला वेगळ्या रंगाचा क्रेट ठेवा, म्हणजे कोणाला वाचावंही लागणार नाही. क्रेट किती ते दर महिन्याला काकांनी आणि तुम्ही ठरवायचं. तेवढा हक्क तुमच्याकडे, उरलेला दुकानाच्या फळीकडे. लहान दुकानात क्रेटला जागा नसेल तर फळीवर खूण करा आणि खुणेखाली गेलं तेवढंच भरा.

वाळपईच्या दुकानदारांनी जे सांगितलं ते या सगळ्याचा पाया आहे. गाडीचा वार पक्का नसेल तर क्रेट, कार्ड, काहीही चालणार नाही. आधी वार पाळा. आणि सेल्समनला मोबदला व्हॅनवर चढवलेल्या मालावर देऊ नका. दुकानातून रिकाम्या आलेल्या क्रेटवर द्या, आणि परत मालाचे थोडे कापा. पहिले दोन महिने त्यांची कमाई कमी होऊ देऊ नका, गेल्या वर्षाइतकी हमी द्या. नाहीतर ते पद्धत मोडतील, आणि त्यांची काहीच चूक नसेल. त्यांनाही घर आहे.

शेवटची गोष्ट कढईची. रोजच्या दिवशी कढया पूर्ण भरून चालवू नका. दिवसातला थोडा वेळ मोकळा राहू द्या. सगळा वेळ भरला की एखादा जास्तीचा घाणा मागच्या सगळ्यांना उशीर करतो. मोकळ्या वेळात साचे धुणं, कारागिरांना दुसरा पदार्थ शिकवणं. एकच माणूस पापडी लाटू शकतो अशी स्थिती असेल तर तुमचा सगळा कारखाना त्या माणसाच्या तब्येतीवर चालतोय.

तिन्ही लाइनींवर एकदम करू नका. एक लाइन, एक-दोन पदार्थ.

फरसाण_कुंडई

काकांना दिनदर्शिकेची कल्पना इतकी आवडली की त्यांनी कालनिर्णय काढून आजच सुरुवात केली. फातर्प्याच्या पुढे त्यांनी "शेंगदाणे, शेव नको" असं लिहिलंय.

आम्ही फोंडा-साखळी-वाळपई लाइन घेतोय, चिवडा आणि शेव, सप्ताहाच्या बऱ्याच आधी, म्हणजे चवथीपर्यंत काय बिघडतं ते कळेल. वार सोमवार आणि गुरुवार. सेल्समनला गेल्या वर्षीइतक्या कमाईची हमी काकांनी स्वतः दिली. मुख्य कारागीर म्हणाला की साधी शेव डब्यात ठेवून नंतर पॅक करता येईल, पण पावसाळ्यात डबा एकदा उघडला की त्याच दिवशी संपवायचा, नाहीतर सादळते. ते लिहून ठेवलं. मसाला नंतर लावायला तो तयार नाही, गरम असतानाच लागतो म्हणतो. ते मी मान्य केलं.

डिचोलीच्या दादा, तुमच्या गाडीला महिन्यातून दोन ट्रिपा बेळगावहून डाळ आणायच्या देऊ शकते. चोर्ल्याचा घाट पावसात बंद झाला तर अनमोडकडून याल का, आणि तेव्हा भाडं काय पडेल, तेवढं कळवा.

वेर्ण्याच्या दादा, चिवड्याच्या रोलचं मोजलं. उरलेला रोल सप्ताहापर्यंत पुरतो, चवथीपर्यंत नाही. उद्याच ऑर्डर टाकते. एक विचारायचं होतं: तारीख आणि पदार्थाचं नाव नंतर छापता येईल असा एकच समाईक पाउच घेतला तर नियमात बसतं का, की प्रत्येक पदार्थाचे घटक आधीच छापलेले लागतात? नंतर चिकटवलेलं लेबल चालत असेल तर मी सहाऐवजी एकच रोल ठेवीन.